हाकेला ओ देऊ नका

एमस : बाई, तुम्ही बाजूला व्हा. मी परत एकदा खांदा मारून बघतो.

हेस्टर : दाराला काही होत नाहीये रे. खांदा मात्र जाईल तुझा.

एमस : पण मघाशी तर सहज उघडलं.

हेस्टर : बाहेरून उघडतं. जून महिन्यात या सव्हाना शहरातलं झाडून सगळं लाकूड फुगतं. म्हणून तर म्हटलं होतं, दाराला वीट लाव. लावलीस?

एमस : पायानं सरकवली होती. आणि ही मूठ बघा, उपटून हातात आली.

हेस्टर : राहू दे आता. फोन कुठाय तुझा?

एमस : वर, स्वयंपाकघरात. तुम्हीच म्हणालात, चार्जिंगला लाव.

हेस्टर : म्हटलं खरं. बरं, बस त्या खोक्यावर. घरात दुसरं कोणी नाही आणि सोमवारपर्यंत कोणी येणारही नाही.

एमस : सोमवारपर्यंत? बाई, तुम्हाला धाप लागलीय.

हेस्टर : जिना उतरले की लागते. हृदयाची गोळी संध्याकाळी घ्यायची असते, ती वर राहिलीय. तोवर निघालो म्हणजे झालं.

एमस : तो झरोका आहे की. फूटपाथला लागूनच आहे. गज आहेत, पण आवाज जाईल. आपल्या रस्त्यावरून तर दिवसभर भुतांच्या टूर चालू असतात.

हेस्टर : असतात ना. तुझ्यामुळेच असतात. याच झरोक्यासमोर उभा राहून तू त्या माणसांना काय सांगतोस, ते विचारायलाच तर बोलावलं तुला. म्हटलं, एकदा आत येऊन बघ. इथं बेड्या नाहीत, हाडं नाहीत. पीचच्या मुरंब्याच्या बरण्या आहेत.

एमस : बघितलं मी. बेड्यांचं मी कधीच बोललो नाही. ते दुसरे गाइड घालतात पदरचं.

हेस्टर : आणि तू कुठलं घालतोस?

एमस : श्श. थांबा. कोणीतरी येतंय. ते तांबडे बूट रॉइसचे, दुसऱ्या कंपनीचा आहे तो. रॉइस! ए रॉइस, इकडे, खाली बघ! मी एमस! आत अडकलोय, दार लागलंय!

रॉइस (बाहेरून) : ऐकलंत मंडळी? थांबा, कुजबुजू नका. आज पुरुषाचा आवाज आहे. मी या गल्लीत किती वर्षं फिरतोय, पण हा आवाज आज पहिल्यांदाच. तिचा तो खलाशी परत आला म्हणायचा.

एमस : अरे गाढवा, मी आहे! चेष्टा नाही ही! वर जाऊन दार उघड!

रॉइस (बाहेरून) : नाही ताई, तुम्ही मागे या. ओ द्यायची नाही. नियम माहीत आहे ना? तिच्या हाकेला ज्यानं ओ दिली, त्याचं वर्ष पुरं होत नाही. फोटो काढा आणि गुपचूप पुढे चला. एमस, लेका, झकास जमलंय. तुझ्या मालकाला सांग, पगार वाढव म्हणावं.

एमस : रॉइस!

हेस्टर : गेले.

एमस : टाळ्या वाजवत गेले.

हेस्टर : ओ द्यायची नाही हा नियम कोणाचा रे?

एमस : माझा.

हेस्टर : हं.

एमस : लोक उगाच ओरडायचे, शेजारी तक्रार करायचे. म्हटलं, गप्प बसवायला काहीतरी हवं. सगळ्या गाइडांनी उचललं ते.

हेस्टर : आता आख्खी गोष्ट सांग. जशी त्यांना सांगतोस तशी. वेळच वेळ आहे.

एमस : तुम्हाला राग येईल.

हेस्टर : तो येऊन बसलाय कधीचा. सांग.

एमस : सुरुवातीला विचारतो, अमेरिकेतलं सगळ्यात जास्त भुतांचं शहर कोणतं? कोणी म्हणतं न्यू ऑर्लिन्स, कोणी म्हणतं सेलम. मी म्हणतो, त्यांची मोजदाद चुकली, पहिला नंबर सव्हानाचा.

हेस्टर : न्यू ऑर्लिन्सला गेले होते मी, लग्न झाल्यावर. चांगल्या हॉटेलात उतरलो होतो. ढेकूण भेटले. पुढे?

एमस : पुढे, या घरात एक व्यापारी राहायचा. त्याची मुलगी एका खलाशाच्या प्रेमात पडली. बापानं तिला तळघरात कोंडलं. तेवढ्यात शहरात पिवळ्या तापाची साथ आली, घरातली माणसं पटापट मेली. वरून दार उघडायला कोणी उरलंच नाही. ती हाका मारत राहिली. तिचं नाव लेनोरा.

हेस्टर : हे नाव कुठून आणलंस?

एमस : बुटाची नाडी बांधायला वाकलो होतो एकदा. झरोक्यातून समोरच्या भिंतीवर दिसलं. खिळ्यानं कोरलेलं, वाकडंतिकडं. ते बघा ना, अजून आहे. मला वाटलं, दीडशे वर्षांपूर्वीचं असेल.

हेस्टर : लेनोरा माझी मुलगी आहे.

एमस : बाई...

हेस्टर : तोंड पाडू नकोस, जिवंत आहे ती. दूर ओरेगनला असते, शाळेत भूगोल शिकवते, गुडघा धरलाय तिचा. तिच्या शाळेतली एक बाई इथं सहलीला आली होती. तिनं परत जाऊन सांगितलं, तुझ्या नावाचं भूत बघून आले. मागच्या आठवड्यात लेनोराचा फोन आला. नाताळ सोडला तर ती एरवी करत नाही. म्हणाली, आई, मी मेले म्हणे आपल्या तळघरात.

एमस : चिडली असेल.

हेस्टर : हसली. खूप हसली. मग थांबली, आणि म्हणाली, जवळजवळ बरोबर सांगतो गं तो माणूस. आणि फोन ठेवला.

एमस : जवळजवळ बरोबर म्हणजे? बापानं खरंच कोंडलं होतं तिला?

हेस्टर : नाही.

एमस : मग?

हेस्टर : तू दाराला इतक्या धडका मारल्यास. दारावर काही दिसलं नाही तुला?

एमस : कडी आहे. पण... आतून आहे. तळघराला आतून कडी कशाला? आणि इतकी खाली? माझ्या कमरेलाही लागत नाही.

हेस्टर : सहा वर्षांची होती तेव्हा. तिचा हात पोचेल अशी बसवली. मी बसवली. कॅल्विन कामावर गेला होता.

एमस : कॅल्विन म्हणजे तुमचे मिस्टर.

हेस्टर : बाहेर भला माणूस होता. चर्चमध्ये खडा आवाज लागायचा त्याचा. घरी आला की किल्ली टेबलावर कशी पडते त्यावरून कळायचं. जोरात पडली की मी लेनोराकडे नुसतं बघायची. ती खाली यायची, कडी घालायची आणि त्या भिंतीशी बसायची.

एमस : आणि तुम्ही? तुम्ही का नाही यायचात खाली?

हेस्टर : मी खाली आले असते तर तो माझ्यामागे खाली आला असता.

एमस : म्हणजे तुम्ही वरच थांबायचात. त्यांच्यासमोर.

हेस्टर : सगळं निवलं की मी येऊन दार वाजवायची. ती लवकर उघडायची नाही. अठरा वर्षांची झाली आणि गेली. मी म्हटलं, जा.

एमस : तुम्ही का नाही गेलात तिच्याबरोबर?

हेस्टर : तेव्हा त्यानं जाऊ दिलं नसतं.

एमस : आणि नंतर? ते वारले असतील ना?

हेस्टर : नऊ वर्षं झाली. नंतर कोणी अडवत नव्हतं, तरी नाही गेले. अजून जिना चढताना ती वाजणारी पायरी मी टाळते. कपाटाचं दार आवाज न करता लावते. कोणासाठी, विचारू नकोस. तू भुतं दाखवतोस ना लोकांना? याच घरात एक बाई पाय न वाजवता हिंडते, ती कधी दिसली नाही तुला.

एमस : बाई, तुम्ही जरा भिंतीला टेका. ओठ पांढरे पडलेत तुमचे. पाणी आहे का इथं काही?

हेस्टर : पीचची बरणी उघड. पाक पिऊ या. गोळीची वेळ झाली असेल. बाहेर कोणी आलं का बघ.

एमस : तेच तांबडे बूट. नवे लोक घेऊन आलाय. रॉइस! रॉइस, बाई आजारी आहेत रे, देवाची शपथ!

रॉइस (बाहेरून) : ऐकलंत? आता हा तिच्यासाठी रडतोय. लेनोरा! आहेस का गं आत?

हेस्टर : सरक तू. मला त्या खोक्यावर चढायला हात दे.

एमस : पडाल.

हेस्टर : धर नीट. रॉइस, लेनोरा इथं नाहीये. ती ओरेगनला असते. मी तिची आई, हेस्टर डेलिगल. हे माझं घर आहे. या गजांना मागच्या वर्षी मीच रंग दिला, तेव्हा तू माझी बादली लवंडलीस आणि सॉरीसुद्धा म्हणाला नाहीस. माझी छाती भरून आलीय. पुढचं दार नुसतं ओढलेलं आहे. आत ये, स्वयंपाकघरातून खाली उतर आणि दार बाहेरून ओढ.

रॉइस (बाहेरून) : मिसेस डेलिगल? अरे देवा. मंडळी, जरा इथंच थांबा. नाही, फोटो नका काढू. ठेवा म्हटलं ना फोन खिशात.

एमस : येतोय तो. पळतोय.

हेस्टर : उतरव मला आता.

(थोड्या वेळानं, घरासमोरच्या पायरीवर.)

एमस : गोळी घेतलीत ना? डॉक्टर निघालेत. रॉइसनं लोकांचे पैसे परत केले, म्हणतो आज घसाच बसला.

हेस्टर : तू असा उभा का?

एमस : ती गोष्ट मी आता सांगणार नाही. बाकीच्यांनाही सांगतो. ऐकतील की नाही माहीत नाही.

हेस्टर : नाही ऐकायचे. तुझा फोन आणलास का वरून? दे जरा. नंबर पाठ आहे माझा.

एमस : हा घ्या. आत जाऊन निवांत बोलता का? रस्त्यावर माणसं बघतायत.

हेस्टर : बघू देत... लेनोरा? मीच. दुसऱ्याच्या फोनवरून बोलतेय. नाही, बरी आहे मी. पायरीवर बसलेय, बाहेर. ऐक ना, एक विचारायचं होतं. तुझ्या घराला तळघर आहे का?... नाही?... अजिबातच नाही?... मग मी आले तर चालेल का तुला?