उन्हात निवडलेली माशी

शांतावहिनी, डॉक्टरांचे सगळे आप्त, देवणीहून आलेली मंडळी, आणि नांदेडहून सकाळच्या एसटीने आलेले रहमतभाई,

दुसऱ्यांची भाषणं ऐकून मी पोट भरतो. तेव्हा वार्ताहराला बोलणं जड जाऊ नये. पण ती भाषणं मी मागच्या रांगेत बसून ऐकायचो आणि शेजारी पुष्कळदा डॉक्टर असायचे. वक्ता रंगात आला की ते हळूच विचारायचे, "शास्त्रीबुवा, हे कवा संपणार?" आज तसं विचारणारं कुणी शेजारी नाही. लांबलं तर सांभाळून घ्या.

मी पाठशाळेत शिकलो, म्हणून शास्त्रीबुवा. मी त्यांना संस्कृतातलं काही ऐकवलं की ते पालीतलं एखादं वचन काढायचे आणि म्हणायचे, "बघा, आमचं सोपं हाय."

डॉक्टर जनावरांचे डॉक्टर होते हे सांगायला नको. देवणीच्या वळूंनासुद्धा ते ठाऊक आहे. पण ते रिव्हॉल्व्हरचे नेमबाज होते, हे इथल्या अर्ध्या लोकांना माहीत नसेल. शिकार नाही हं. कागदावरचा काळा गोल. आठवडाभर जनावरं जगवायची आणि रविवारी कागद मारायचा.

लातूर जुन्या जिल्ह्यात होतं, तेव्हा जिल्ह्याच्या नेमबाजी संघात डॉक्टरांचं नाव कायम शेवटी. राखीव. राखीव म्हणजे कुणाला ताप आला तरच खेळायचं. वर्षानुवर्षं कुणाला ताप आला नाही. डॉक्टर म्हणायचे, "आपल्या जिल्ह्यातले नेमबाज लई निरोगी."

मग आपला जिल्हा वेगळा झाला. कुणाला कचेरी मिळाली, कुणाला खुर्ची मिळाली, कुणाला नुसतीच पाटी मिळाली. डॉक्टरांना आशा मिळाली. नव्या जिल्ह्याचा नवा संघ, आणि त्यात रिव्हॉल्व्हरची एक जागा. पण जागा आली तेव्हा डॉक्टर पन्नाशीला टेकले होते. डोळे थकले होते. यंदा नाही तर मग नाहीच, हे त्यांना कळत होतं. वहिनींनाही कळत होतं.

मंडळी, इथे थोडं हत्यार समजावून सांगतो. मलाही ते डॉक्टरांनीच समजावलं. रिव्हॉल्व्हरच्या नळीच्या टोकावर एक उभी पट्टी असते. तिला माशी म्हणतात. मागे एक खाच असते. खाचेतून माशीकडे बघायचं. माशीच्या दोन्ही अंगांना उजेडाची एकेक रेघ दिसली पाहिजे. दोन्ही रेघा सारख्या, तर नेम सरळ. डॉक्टरांची माशी जाड होती. खाचेत ती डब्याला झाकण बसावं तशी बसायची. तरुण डोळा त्यातूनही रेघ शोधतो. पन्नाशीच्या डोळ्याला नुसता अंधार.

तेव्हा माशी पातळ हवी. डॉक्टर नांदेडला रहमतभाईंच्या बंदुका दुरुस्तीच्या दुकानात गेले आणि म्हणाले, कानस मारा. रहमतभाईंनी कानस उचललीच नाही. त्यांचे शब्द मला आठवतात. "डॉक्टरसाब, लोखंड एकदा गेलं की परत येत न्हाई. जुनी काढून डबीत ठिवू. नवीन करू."

नवीन कशाची करायची? ते दुष्काळाचं वर्ष. डॉक्टर दिवसभर चारा छावणीवर. चाऱ्यासाठी चालून चालून बैलांच्या खुरांना ठोकलेल्या लोखंडी पत्र्या झिजून पापुद्र्यासारख्या झालेल्या. नालबंदाने काढून टाकलेली एक पत्री डॉक्टरांनी खिशात घालून आणली. रहमतभाईंनी तिच्यातून तीन माश्या काढल्या. त्यांच्याच भाषेत सांगायचं तर एक पातळ, एक लई पातळ, आणि एक नुसती अब्रू राखण्यापुरती.

डॉक्टरांनी ती अब्रूवाली निवडली. घरी ओसरीवर, सावलीत, चुन्याच्या भिंतीसमोर धरून बघितली. दोन्ही बाजूंना उजेडच उजेड. लहान मुलासारखे खूष झाले. मी पाठशाळेचं ज्ञान पाजळलं, की नेम धरणाऱ्याने नजर लक्ष्यावर ठेवावी. ते म्हणाले, "तिकडं बघू नका, शास्त्रीबुवा. माशीकडं बघा. गोल धूसर दिसला तरी चालतो."

निवड चाचणीच्या आदल्या दिवशी डॉक्टर, वहिनी आणि मी नांदेडच्या चांदमारीवर, म्हणजे गोळीबाराच्या मैदानावर गेलो. गवताची काडी नाही. पांढरी माती, आणि तिच्यावरून उसळणारं दुपारचं ऊन. डॉक्टरांनी हात उचलला आणि तसाच धरून राहिले. गोळी सुटेना. शेवटी म्हणाले, "माशी कुठं गेली?" उजेडाने ती दोन्हीकडून खाऊन टाकली होती. मग ज्या गोळ्या सुटल्या, त्या कागदावर कुठेही गेल्या. काही तर कागदावर गेल्याच नाहीत.

दुकानात परत येऊन डॉक्टर खाली बसले. म्हणाले, "जुनी बसवा. आपलं राखीवच बरं होतं." रहमतभाईंनी जुन्या माशीची डबी काढली. माझ्याजवळ श्लोक पुष्कळ होते, उपयोगाचा एकही नव्हता.

तेव्हा वहिनी बोलल्या. वहिनी, तुम्हाला आज हे ऐकवणं बरं दिसतं का, माहीत नाही. पण सांगतो.

त्या म्हणाल्या, "साडी घेताना आम्ही दुकानातल्या उजेडावर भरवसा ठेवत नाही. बाहेर उन्हात नेऊन बघतो. तुम्ही सावलीत निवडून राहिलात आणि मारणार उन्हात."

डॉक्टर म्हणाले, "साडीचं वेगळं असतं."

"हाव, वेगळं असतं," वहिनी म्हणाल्या. "साडी परत करता येते."

रहमतभाईंनी हत्यार रिकामं आहे ना ते दोनदा बघितलं आणि सगळे दुकानामागच्या अंगणात उन्हात गेलो. माश्या एकेक करून बसवल्या. मधली, ती लई पातळवाली बसवली, तेव्हा डॉक्टर बराच वेळ भिंतीकडे हात धरून उभे राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "दिसून राहिल्या. दोन्ही रेघा दिसून राहिल्या." हात खाली घेऊन त्यांनी डोळे पुसले. ऊन फार होतं, असं आम्ही सगळ्यांनी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी चाचणी संपल्यावर चांदमारीवरच्या फळ्यावर निवडलेल्या संघांत खडूने नवं नाव लिहिलं गेलं, लातूर. त्याच्याखाली डॉक्टरांचं. पुढे राज्याच्या स्पर्धेत ते कितवे आले? वरून मोजलं तर वेळ लागेल, खालून लवकर सापडतील. त्याचं त्यांना काही वाटलं नाही.

मला वाटलं ते बातमीचं. मी त्यांचं पूर्ण नाव लिहून बातमी पाठवली. कचेरीतल्या कुणीतरी जागेअभावी कात्री लावली. छापून आलं, लातूरच्या संघात पोलीस निरीक्षक अमुक आणि इतर. मी पेपर लपवून त्यांच्या घरी गेलो. त्यांनी तो आधीच वाचला होता. म्हणाले, "राखीवातून इतरात आलो, शास्त्रीबुवा. बढतीच हाय की."

या माणसाचे माझ्यावर उपकार आहेत. दुष्काळात मी मंत्र्यांच्या दौऱ्यांच्या बातम्या लिहायचो. त्यांनी मला छावणीवर नेऊन एका गाईसमोर उभं केलं आणि म्हणाले, हिच्यावर लिहा, दौरा धूसर दिसू द्या. त्यानंतर मला लिहिता येऊ लागलं. हे त्यांना सांगायचं राहिलं. ते आज तुम्हाला सांगतो.

आणि छापायचं राहिलेलं नाव आज मोठ्याने घेतो. इथे कात्री नाही. मग आपण सगळे उभे राहू आणि दोन मिनिटं काही बोलायचं नाही.

डॉक्टर किशन धोंडिबा सोनकांबळे. रिव्हॉल्व्हर. लातूर जिल्हा.

उठा, मंडळी.