हापशाच्या तालावरचं ध्यान

ध्यानाचं कौतुक मला सांगू नका. एकदा ध्यानापायीच माझा जीव जायची पाळी आली होती.

लातूर जिल्हा तेव्हा नवानवा झाला होता आणि आमच्या रेणापूरकडं दुष्काळ पडला होता. रिटायर झालेले एक गुरुजी रोज संध्याकाळी विहारात आम्हाला श्वासाचं ध्यान शिकवायचे. 'श्वास आत, श्वास बाहेर' म्हणून म्हणून त्यांचा घसा बसला. मग त्यांनी युक्ती काढली. विहाराबाहेरचा हापसा आटला होता, तरी शेजारची सरूमावशी हट्टानं तो रोज कोरडाच हापसायची. गुरुजी म्हणाले, "दांडी कुरकुरत वर गेली की श्वास घ्या, खाली आली की सोडा."

झकास जमलं. पण एका संध्याकाळी ती कुरकुर लांबत चालली. तिच्याबरोबर आमचे श्वासही लांबले. गुरुजी खूश झाले. "लई खोल चाललंय, चालू द्या!"

माझी छाती फुटायची वेळ आली. शेवटी डोळे मिटूनच ओरडलो, "मावशे, जल्दी हापस की! मरायलोय मी इथं!"

बाहेरून मावशी ओरडली, "जल्दी कशी हापसू? दांडी जड झाली हाय! पाणी आलंय, पाणी!"

ध्यान संपलं की गुरुजी नेहमी सांगायचे, "आता अगदी सावकाश डोळे उघडा." त्या दिवशीही त्यांनी सांगितलं. फक्त आवाज बाहेरून, हापशाजवळून आला.