प्रमुख पाहुणे

सर्वेश : ...अजून नाही, अण्णा. घाई करू नका. हा उजेड एकदम आत शिरत नाही. आधी समोरच्या डोंगराची कड उजळते, मग नदीवरचं धुकं पांढरं होत जातं, आणि तरीही खोलीत काहीच नसतं. नुसता राखाडी गारवा. मग खिडकीच्या चौकटीवर एक बारीक पिवळी रेघ उमटते. ती पाहा, आली. आता ती कट्ट्यावरून लादीवर उतरेल आणि लादीवरून तुमच्या पावलांपर्यंत येईल, इतकी सावकाश की सरकताना ती कधी सापडत नाही. पाहावं तेव्हा थोडी पुढं गेलेली असते. गिऱ्हाइकाशी या वेळी मी एक शब्द बोलत नाही. दार उघडतो आणि बाजूला उभा राहतो. टिटवाळ्यातले निम्मे फ्लॅट मी नाही, या उजेडानं विकलेत. हा मात्र तुमच्यासाठी राखून ठेवला.

गुणाजी : हो. छान आहे.

संचिता : अण्णा, समोर डोंगर दिसतोय?

गुणाजी : हा म्हणतो, तर असेल.

सर्वेश : ताई, बापाची परीक्षा घेतेस का? चष्म्याचा नंबर वाढलाय. घर लागलं की नवा करून घेऊ.

संचिता : परत चष्मा! गेल्या महिन्यात मी अण्णांना ठाण्याच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलेलं. त्या म्हणाल्या ते शब्दाला शब्द फोनवर सांगितलं तुला. काचबिंदू. उजवा डोळा गेलेला आहे, डाव्यात नळीतून बघावं तेवढं उरलंय, आणि गेलेलं परत येत नाही. तू म्हणालास, साइटवर आहे, नंतर बोलू. मग म्हणालास, दुसऱ्या डॉक्टरला दाखवू. मग म्हणालास, वय झालं की होतं असं.

सर्वेश : मी आशा सोडली नाही. एवढाच माझा गुन्हा.

संचिता : आशा नाही रे. लाज. पाच वर्षं आंबिवलीला तुझं मोफत नेत्रतपासणी शिबिर. रिक्षावाल्यांचे डोळे तपासलेस, भाजीवाल्यांचे तपासलेस, ज्यांनी तुझ्याकडून घर घेतलं त्यांच्या सासवांचे तपासलेस. आणि स्वतःचा बाप?

सर्वेश : अण्णा दर वर्षी तिथं होते. प्रमुख पाहुणे म्हणून मीच बोलावत होतो. डोळे दाखवू नका, असं म्हणालो का मी?

गुणाजी : रांगेत उभा होतो मी.

सर्वेश : कधी?

गुणाजी : पहिल्याच वर्षी. रस्त्यानं चालताना बाजूनं माणसं अचानक उगवायला लागली होती. मागनं कोणी ढकलून दिल्यासारखी. म्हटलं, पोराचंच शिबिर आहे, बघून घेऊ. माझ्या पुढं एक म्हातारी उरली होती, तेवढ्यात तुझ्या ऑफिसातला तो पोपट नावाचा पोरगा आला आणि दंडाला धरून मला बाजूला घेतलं. साहेबांचे वडील रांगेत, शोभतं का, म्हणाला. नेलं मंचावर. शाल घातली, नारळ दिला.

सर्वेश : तो मान होता, अण्णा.

गुणाजी : हो ना. दुसऱ्या वर्षी मानानंच गेलो. शेजारच्या खुर्चीत डॉक्टर होते, त्यांना हळूच म्हटलं, माझं जरा बघता का. कार्यक्रमानंतर निवांत बघू म्हणाले. कार्यक्रम झाला, फोटो झाले, आणि तुझी गाडी दारात येऊन उभी. पुढं मी सोडूनच दिलं.

सर्वेश : मला का नाही सांगितलंत? एक शब्द. घरात, गाडीत, कुठंही.

गुणाजी : कधी सांगू? माईक तुझ्या हातात. माझ्या वडिलांनी मला जग दाखवलं, असं तू सांगत होतास आणि खाली टाळ्या पडत होत्या. त्या टाळ्यांत उठून सांगू, की बाबा रे, मला खालचे लोक दिसत नाहीत?

संचिता : काल मला म्हणाले, पोराचं मन मोडू नको, खिडकी बघून येऊ. बघून येऊ म्हणाले, सर्वेश.

सर्वेश : मग माझंही ऐका तुम्ही दोघं. कोपरीच्या त्या खोलीत भरदुपारी ट्यूब लावल्याशिवाय अक्षर लागत नव्हतं. अण्णा रात्रपाळी करून यायचे, तर मी पुस्तक घेऊन जिन्यात जायचो, त्यांची झोप मोडू नये म्हणून. तिथं बसून ठरवलं होतं, यांना सकाळ असलेलं घर द्यायचं. त्यासाठी टिटवाळ्याच्या स्टेशनबाहेर पत्रकं वाटली. अनोळखी माणसांशी बोलणं मला जमत नव्हतं, तरी बोललो. ज्यांनी तोंडावर दार लावलं त्यांच्याकडे पुन्हा गेलो. शिबिरं भरवली, वह्या वाटल्या, कारण माझ्यापाशी जे आलं ते माझ्या एकट्याचं आहे असं मला कधी वाटलंच नाही. आणि आज तू मला चोरासारखं उभं करतेस.

गुणाजी : तिच्यावर नको ओरडू. माझ्यावर ओरड. मी हो म्हटलं होतं ना कोपरी सोडायला, तुझा उत्साह बघून. आता नाही म्हणतो.

सर्वेश : असं कसं, अण्णा? उद्या आपली कोपरीची खोली घेणारे महिपतराव रजिस्ट्रेशनला येणार आहेत. तुमची सही व्हायची आहे.

गुणाजी : नाही करणार. कोपरीत दारापासून नळापर्यंत पाय आपोआप जातात. शेजारच्या कांतावहिनी खोकल्या की समजतं, सात वाजले. इथं सातव्या मजल्यावर मी काय करू? कुठली भिंत कुठं आहे, ते शिकत बसू या वयात? आल्या आल्या तू मला या खिडकीत उभं केलंस. मी काय सॅम्पल फ्लॅट आहे, लोकांना दाखवायला?

सर्वेश : अण्णा...

गुणाजी : मला विचारलंस का कधी, मला काय हवं? गिऱ्हाइकाला तरी विचारतोस. बजेट विचारतोस, मजला विचारतोस.

संचिता : उरलेला डोळा टिकवायचा तर दिवसातून दोनदा थेंब घालायचे आहेत, वेळेवर. कोपरीत मी सकाळ-संध्याकाळ येऊ शकते, चार गल्ल्यांवर राहते मी. टिटवाळ्याला नाही जमणार. तू तर दिवसभर बाहेर. महिपतरावांना आत्ता फोन लाव.

सर्वेश : दिलेला शब्द मी आजवर फिरवला नाही, ताई. आणि कारण काय सांगू?

संचिता : खरं काय ते सांग. तुझ्या धंद्यात कधीतरी तेही चालत असेल.

सर्वेश : (फोनवर, खिडकीकडे पाठ करून) नमस्कार, महिपतराव... हो, उद्याचंच. उद्या जमणार नाही... कागदपत्रांत थोडी अडचण... नाही, परवाही नाही. आम्ही खोली विकत नाही आहोत... छे, जास्त पैशांसाठी नाही... दुसरं गिऱ्हाईकही नाही, शपथेवर सांगतो... तुमचा राग समजतो मला. सामान बांधलंय तुम्ही, हेही समजतं... नाही, कागदपत्रं ठीक आहेत. ते मी खोटं बोललो... महिपतराव, माझ्या वडिलांना दिसत नाही.