गणपतचा फुकट खर्रा

फुकटचा खर्रा किती महाग पडतो, ते आमच्या गणपतला विचारा. शाळेच्या फाटकाजवळ तंबाखू विकायला कायद्यानं बंदी. त्याचा पानठेला तिथंच. तो हटवायचा ठराव ग्रामसभेत आला. लोकांनी आपली बाजू घ्यावी म्हणून गणपतनं सभेच्या दारातच सगळ्यांना सुपारी-तंबाखूचा खर्रा वाटला.

अध्यक्ष मी होतो. बसल्याबरोबर बजावलं, "इथं थुंकला त्याले दंड."

गावच्या दवाखान्यातल्या नर्सबाईनं ठराव वाचला. मी म्हणालो, "ज्याचा विरोध असन त्यानं उठून बोलावं."

सगळे गाल फुगवून गप्प.

गणपत ओरडला, "काहून बोलून नाही राहिले बे?"

"हूं... हूं..."

"अबे, गिळा नं मंग!"

एकानंही गिळलं नाही.

मी म्हणालो, "विरोध नाही. ठराव एकमतानं मंजूर."