थाप मारल्यावर सोडण्याबाबत

मी, खाली सही करणारी, वय त्रेचाळीस, धंदा ज्युदोचा वर्ग चालवणे, राहणार बाजारामागच्या गल्लीत टायरच्या दुकानावरचा मजला, विचारल्यावरून समक्ष सांगते की, वरील पत्त्यावर मी व माझी धाकटी नणंद राहतो. नणंद दवाखान्यात परिचारिका आहे. राहत्या खोल्यांना लागून असलेल्या हॉलमध्ये माझा वर्ग भरतो.

वर्गाला मोठी माणसे येतात. शिकलेले कितपत अंगात मुरले ते जोडीदाराशी झुंज लावल्याशिवाय कळत नाही. त्यासाठी माझा एक नियम आहे. पकड सोसेनाशी झाली की जोडीदाराच्या अंगावर किंवा गादीवर दोन थापा मारायच्या, आणि पकडणाऱ्याने त्याच क्षणी सोडायचे. का, कशाला, अजून जरा थांब, हे चालत नाही. गळ्याची पकड तर मी समोर बसल्याशिवाय कोणाला लावू देत नाही. वर्गात चेष्टा चालते, की बाहेर थापा मारल्या तर माणूस बदनाम होतो आणि मॅडमकडे मारल्या तर वाचतो.

माझ्याविरुद्ध ज्याने तक्रार दिली आहे तो इसम घड्याळे दुरुस्त करतो. वर्गात त्याला सगळे घड्याळजी म्हणतात. बरीच वर्षे येतो. त्याच्या हातून कोणाला साधे खरचटलेलेही नाही. नवीन आलेल्यांना मी त्याच्याच जोडीला देत असे. मागे एकदा गाद्या उचलताना तो म्हणाला, "मॅडम, थाप पडली की आपण सोडतो. मग पकड खरी बसली होती का, ते कळायचं कधी?" मी म्हटले, "कधीच नाही. तेवढ्यावरच थांबायचं असतं." तो हसला आणि गाद्या नीट रचून गेला.

काल दुपारी त्याची बायको माझ्याकडे आली. ती घरी शिवणकाम करते. मी तिला रस्त्यात पाहिलेली होती, बोलणे कधी झाले नव्हते. उकडत असूनही तिने गळ्याला स्कार्फ गुंडाळलेला होता. खांद्यावर मोजपट्टी आणि बाहीला खोचलेल्या निळ्या डोक्याच्या टाचण्या तशाच होत्या, कामावरून उठून आल्यासारख्या. म्हणाली, "ताई, थाप कशी मारायची ते दाखवाल?"

मला वाटले, तिला वर्ग लावायचा आहे. मी गादीवर बसून दाखवले. तिने करून पाहिले. मग विचारले, "हात दबलेले असले तर?"

"पाय आपटायचा."

"पाय आपटूनही नाही सोडलं तर?"

मी म्हटले, "असं होत नाही. सोडावंच लागतं."

ती म्हणाली, "ते म्हणतात, तू फार लवकर मारतेस. खरंच जीव जातोय असं वाटलं तरच मार, नाहीतर मला काय कळणार."

मी उठून दार लावून घेतले. गळा दाखव म्हटले. तिने स्कार्फ काढला नाही. मी म्हटले, "तू इथून जाऊ नकोस. माझी नणंद ड्यूटीवरून येईल, ती तुला बघेल, मग आपण तिघी पोलिसांत जाऊ." ती म्हणाली, एकाची पँट द्यायची आहे, माणूस येऊन बसेल. दारात चप्पल घालताना म्हणाली, "त्यांना काही बोलू नका हं. तुमच्याबद्दल फार चांगलं बोलतात ते."

मी लगेच नणंदेला फोन केला. ती सुटल्यावर दोघींनी जाऊन बाईला घेऊन यायचे ठरले. तोवर घड्याळजी वर्गात माझ्या नजरेसमोर राहील, असा माझा हिशेब होता.

संध्याकाळी तो नेहमीप्रमाणे आला. सगळ्यांसमोर मी त्याला म्हटले, आज तुमची परीक्षा मी स्वतः घेते. त्याला माझ्या गळ्याची पकड घेऊ दिली. मी दोन थापा मारल्या. त्याने त्याच क्षणी सोडले, उठून मला हात दिला, आणि विचारले, "लागलं नाही ना?" हे वर्गातील सर्वांनी पाहिले आहे.

त्यानंतर तो गादीवरून काहीतरी उचलताना दिसला. निळ्या डोक्याची टाचणी होती. "कोणाच्या पायात गेली असती," म्हणाला. ती त्याने आपल्या कॉलरला खोचली. मग दुकानाला कुलूप घालायचे राहिले असे सांगून तो वर्ग अर्धा टाकून निघाला. मी वर्ग तिथेच सोडला. जिन्यात नणंद भेटली. "वहिनी, अशी अनवाणी कुठे?" तिने विचारले. मी म्हटले, चल.

त्याचे घर पलीकडच्या गल्लीत वरच्या मजल्यावर आहे. जिना चढताना वरून धपधप आवाज येत होता. खालचे भाडेकरू दारात उभे होते. ते म्हणाले, "कपाट सरकवतात. रोजचंच आहे." ते बोलत असतानाच आवाज थांबला.

गिऱ्हाइके कपडे न्यायला येतात म्हणून दार नुसते लोटलेले असते. आत शिलाई मशीन आणि पलंग यांच्या मधल्या जागेत तो जमिनीवर बसला होता. बायको त्याच्या पुढ्यात पाठमोरी होती. तिचे दोन्ही हात त्याने आपल्या पायांत अडकवले होते आणि गळ्याला उजव्या हाताचा विळखा होता. तिचा पाय हलत नव्हता. तो मला शांतपणे म्हणाला, "थांबा मॅडम, हिने अजून थाप मारलेली नाही."

मी त्याच्या उजव्या हाताची करंगळी धरून मागे वाकवली. त्याने सोडले नाही. मी आणखी वाकवली. ती मोडल्याचा आवाज नणंदेनेही ऐकला. तेव्हा विळखा सुटला. करंगळी मी मोडली हे खरे आहे. ती चुकून मोडलेली नाही.

त्याने डाव्या हाताने फरशीवर दोन थापा मारल्या. मी त्याच क्षणी सोडले.

नणंदेने बाईला आडवे करून श्वास चालू केला व दवाखान्याची गाडी बोलावली. आज पहाटे ती शुद्धीवर आली. आवाज फुटत नाही. पुढे येईल की नाही, डॉक्टर आज सांगू शकत नाहीत. घड्याळजीने दवाखान्यात तक्रार देताना सांगितले की, घरी सराव चालू होता, मॅडमनीच शिकवला आहे. मी घरी कोणाला सराव करायला सांगितलेले नाही. थाप म्हणजे काय हे त्याला कळत नव्हते असे म्हणायला जागा नाही, कारण त्याच संध्याकाळी त्याने मला सोडले होते.

बोटाला पट्टी बांधून झाल्यावर तो घरी गेलेला नाही. दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर बसून आहे, असे नणंदेने आत्ताच फोनवर कळवले. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो बायकोची तब्येत विचारतो. नणंद खाटेजवळून हललेली नाही.

माझा जबाब मला वाचून दाखवला. लेखनिकांनी एका ठिकाणी "सराव करताना" असे लिहिले होते, ते शब्द मी खोडायला लावले व शेजारी सही केली. बाकी मी सांगितले तसेच लिहिले आहे. मला दवाखान्यात परत जायचे आहे, तरी माझ्यासोबत कोणीतरी पाठवावे.