सॅव्हियोची पहिली क्लायंट

…नाही, पण नोकरी सोडायला सांगितली होती कुणी? सांगा ना! अंधेरीत ऑफिस, एसी, दुपारचा चहा आणि चहाला समोर संजना… अहो, माणसाला आणखी काय लागतं? पण नाही! उत्तनजवळच्या चौक गावातल्या आपल्या सॅव्हियोला वाटलं, वेबसाईट आपण झकास बनवतो, मग दुसऱ्याच्या हाताखाली का बनवायच्या? फ्रीलान्सर व्हायचं! स्वतःचा मालक!

आणि खरं कारण तुम्हाला म्हणून सांगतो, कुठे बोलू नका… संजना! दोन वर्षं समोरासमोर चहा प्यायला, पण 'साखर कमी आहे'च्या पुढे तोंडातून शब्द फुटला नाही. म्हणे, पगारी माणसाने काय विचारायचं? आधी स्वतःचं काहीतरी उभं करू, मग ताठ मानेने विचारू. आता ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध? पण सॅव्हियोच्या डोक्यात होता!

झालं. खिडकीशी टेबल मांडलं, लॅपटॉप ठेवला. समोर समुद्र… आणि मागे आई. आयरिनबाई! 'सॅव्ही, घरीच हाय ना तू? मंग सिलिंडरवाला येल, बघ जरा.' 'आई, मी कामावर आहे.' 'कामावर हाय, तर चड्डीवर का बसलास?' शेजारणी दारातून विचारणार, 'आयरिन, पोराची नोकरी गेली का गो?' आणि आई आवाज खाली आणून, 'गेली न्हाय, त्यानेच सोडली…' असं, की जणू घरात कुणीतरी अंथरुणाला खिळलंय. स्वतःचा मालक!

आणि काम? मीरा रोडच्या एका पडदेवाल्या शेठने बोलावलं. 'भाई, वेबसाईट तो बढिया है, पर मेरा फोटो और बडा करो.' केला. 'और बडा!' केला. शेवटी शेठ एवढे झाले, एवढे झाले… आणि म्हणतात कसे, 'अब ठीक है, लेकिन पडदा किधर गया?' मग म्हणे, राहू दे, मेरा भांजा कर देगा!

पण खरी पंचाईत दुपारी व्हायची. चहाची वेळ झाली की हा उठायचा, चहा टाकायचा आणि सवयीने कप दोन काढायचा. दुसरा भरायचा नाही, नुसता समोर ठेवायचा. मोबाईलवर संजनाचं नाव उघडायचं, 'कशी आहेस' लिहायचं… पुसायचं. अहो, कुठलं बटण कुठे असावं हे जगाला शिकवणारा माणूस, ह्याला स्वतःला पाठवायचं बटण सापडेना!

आणि एक दिवस तिचाच फोन! 'सॅव्हियो, अरे, भेटायचंय. जरा पर्सनल आहे, फोनवर नको.'

पर्सनल! तुम्हाला सांगतो, चौकपासून भाईंदरपर्यंत बसमध्ये हा तो एकच शब्द चघळत बसला होता. अंगात मामाच्या लग्नातला कोट, ऐन मे महिन्यात!

मीरा रोडच्या कॅफेत संजना बसलेली. तशीच. 'किती बारीक झालायस रे! जेवतोस ना वेळेवर?' बस्स, एवढ्यावर ह्याचं पोट भरलं. श्वास घेतला, म्हणाला, 'संजना, मला तुला…'

'एक मिनिट, नीरज आला!'

नीरज? कोण नीरज? उंच, हसतमुख, हात पुढे करून येतोय! 'तूच सॅव्हियो? यार, तुझे उपकार आहेत माझ्यावर! तू सोडलीस ना, त्याच जागेवर मी लागलो. तुझीच खुर्ची! पहिल्याच दिवशी ही म्हणाली, इथे बसणारा माझ्याबरोबर चहाला यायचा, तूही चल.'

आणि हा नीरज चहाला गेला! गेला तो गेला, महिन्याभरात विचारून मोकळा! पगारी माणूस!!

आता सांगा, काय करायचं? रडायचं? कोट घालून? संजना म्हणाली, 'आमच्या लग्नाची वेबसाईट करशील? तुझ्याइतकं मन लावून कुणी करत नाही रे.' हे मात्र खरं होतं.

केली त्याने. अशी देखणी केली… 'आमची भेट' ह्या पानावर पहिली ओळ लिहिली, 'ऑफिसात एक खुर्ची रिकामी झाली.' वाचून संजनाने फोन केला. मग म्हणाली, 'जाताना तू काहीच बोलला नाहीस, सॅव्हियो. मला वाटायचं, बोलशील.' फोन ठेवून हा खिडकीशी बसून राहिला. होड्या परत येत होत्या. स्वतःचा मालक… डोळे पुसायलाही कुणाची परवानगी नको.

वेबसाईट सुरू झाली. पाहुण्यांनी भरायच्या फॉर्मवर पहिलं उत्तर ह्याचंच. 'येणार का?' हो. 'सोबत किती जण?' ह्याने शून्य टाकलं. तर खाली लाल अक्षरं, 'किमान एक व्यक्ती हवी.' पुन्हा शून्य. पुन्हा लाल! तक्रार करणार कुणाकडे? बनवलंय कुणी?

शेवटी हाक मारली, 'आई, एका लग्नाला येतेस का माझ्यासोबत?'

आयरिनबाई कोलंबी सोलत होत्या. 'येते की! जेवणात मासळी हाय ना?'

ह्याने जेवणाचं पान उघडलं. शुद्ध शाकाहारी. 'न्हाय गं.'

'मंग तू एकटाच जा, बाबा.'

आणि बसला बिचारा… शून्य चालेल अशी दुरुस्ती करत.