खुशीची बोट

(कृष्णाकाठचं एक गाव, आष्ट्याच्या अलीकडं. ऑगस्टातली दुपार. पुराचं पाणी गल्ल्यांतनं फिरतंय. गावानं स्वतः घेतलेल्या बोटीत तिघं : पायगोंडा आप्पा, त्यांची बायको सुंदरी, आणि मागं इंजिनापाशी अमृत.)

सुंदरी : जरा सरकून बसा की. तुमच्या गुडघ्यानं माझी बरगडी मोडायची वेळ आली.

पायगोंडा : सरकू कुठं? मागं तुझी पेटी, पुढं तुझा पिठाचा डबा.

सुंदरी : डबा माझा. आणि उद्या भाकरी मागणार कोण?

अमृत : अक्का, लय हलू नका. बोट डुलतीया.

सुंदरी : डुलू दे. एवढे गडी होते ह्या बोटीला, शर्टावर बिल्ले लावून फिरत होते. आज तू एकटाच कसा रं?

अमृत : ज्यानं त्यानं सकाळीच आपापली माणसं काढली. कोण सांगलीला गेलं, कोण आष्ट्याला पावण्यांकडं.

सुंदरी : आणि तू?

अमृत : माझी माणसं जतकडं, मेंढरांमागं. तिकडं अजून टँकरनं पाणी येतंय. सकाळी आईनं फोन केला, म्हणली, तिकडचं थोडं इकडं लावून दे.

पायगोंडा : जे गेले त्यांना दोष देता येणार न्हाई. मुद्दा असा की, आपण कुणावर सक्ती केलेली न्हाई. ज्याला वाटंल त्यानं यावं. खुशीचा मामला.

सुंदरी : व्हय. खुशीनं आले, खुशीनं गेले.

पायगोंडा : चेष्टा सोपी असती. गल्लीतले दिवे कुणी लावले? शाळेवरचा पत्रा कुणी बदलला? घरपट्टी न्हाई, पाणीपट्टी न्हाई, एक सरकारी माणूस न्हाई. केलं का न्हाई गावानं?

सुंदरी : केलं. मी कुठं न्हाई म्हणते? पहिल्या वर्षी बायकासुद्धा पाट्या घेऊन गटार काढायला आल्या होत्या, गाणी म्हणत. मीच पोहे केलते सगळ्यांना. दुसऱ्या वर्षी पोहे उरायला लागले. तिसऱ्या वर्षी तुमी नियम आणलासा.

अमृत : आप्पा, आता कुठनं घेऊ? खालच्या गल्लीतनं पूल जवळ पडतोय.

पायगोंडा : वरच्या अंगानं घे. खाली ओढ हाय.

सुंदरी : खाली दगडा हाय.

पायगोंडा : ओढ हाय म्हणालो मी.

सुंदरी : ऐकलं. आणि मी म्हणाले, दगडाबाई हाय. एकटी. गेली का न्हाई कुठं, कुणी विचारलंय का तिला?

पायगोंडा : तिच्या दाराला पट्टा न्हाई, सुंदरी.

सुंदरी : होता. चांगला हळदीच्या रंगाचा, तुमीच उद्घाटनाला ओढलेला. मंडळाच्या पोरांनी त्यावर चुना मारला.

पायगोंडा : घाटावर पाणी बघत बसायच्या पाळ्या चुकवल्या तिनं. एक न्हाई, लागोपाठ. पाळी देईल त्या घराला पट्टा, आणि पट्टा असंल त्या घराला बोट. सगळ्यांनी हात वर करून मान्य केलेलं.

सुंदरी : तिला जमिनीवरनं उठायला खांब धरावा लागतो. घाटाच्या पायऱ्या कशी उतरणार? मी म्हणत होते, तिच्या वाटची पाळी मी देते. तुमी न्हाई म्हणालासा.

पायगोंडा : म्हणावंच लागलं. एकाच्या जागी दुसरा चालला असता, तर उद्या मोठ्या घरांनी रोजंदारीचे गडी पाठवले असते. मग खुशी कसली उरली?

सुंदरी : आता तरी कसली उरलीया?

पायगोंडा : लोक मला विचारायला लागलते, दगडाबाईला फुकट, तर आमी का राबायचं? येईनात कोण. पट्टा काढला तवा कुठं चार माणसं घाटावर दिसायला लागली. मला का बरं वाटलं असंल ते?

सुंदरी : बरं वाटलं न्हाई. त्या रात्री जेवला न्हाईसा तुमी. मला म्हाईत हाय. खरं पट्टा काढलासाच.

अमृत : माझ्या दाराला बी पट्टा न्हाई, अक्का.

सुंदरी : तुझ्या? तू तर बोट चालवतोस की.

अमृत : चौकटच न्हाई. पत्रा आडवा लावतो. पोरं म्हणली, पत्र्यावर रंग धरत न्हाई.

पायगोंडा : तू इंजिनाकडं बघ रं.

अमृत : बघतोय की. त्याचं बी काय खरं न्हाई. एवढी एक खेप व्हईल, आप्पा. तुमास्नी पुलाच्या चढावर सोडलं की झालं. पेट्रोल बी न्हाई, आणि पाणी अजून हातभर वाढलं की ह्या ओढीत बोट घालायची माझी छाती न्हाई.

सुंदरी : म्हणजे परत येणं न्हाई?

अमृत : वळायचं असंल तर बस्तीच्या देवळाच्या कोपऱ्यावर. त्याच्या पुढं गेलं की पाणी वळू देत न्हाई. ते बघा, शिखर दिसतंय.

सुंदरी : ऐकलंसा?

पायगोंडा : एकोणीस सालचा पूर आठव. घरपट्टी भरलेली, पाणीपट्टी भरलेली, आणि माळ्यावर भिजलेली डाळ खात बसलो. सरकारची बोट कवा आली? गावातली जनावरं फुगून वर आल्यावर. तवाच ठरवलं मी, पुन्हा कुणाच्या तोंडाकडं बघायचं न्हाई.

सुंदरी : उशिरा आली. खरं सगळ्यास्नी घेतलं. ज्ञानूला बी घेतलं. त्यानं जल्मात कसली पट्टी भरली न्हवती, वर त्या बोटवाल्यालाच शिव्या घालत बसला. तरी हाताला धरून बसवलं त्याला. मी त्याच्या शेजारीच होते.

पायगोंडा : तेवढंच बरं लक्षात राहिलं तुझ्या.

सुंदरी : वास येत होता त्याचा. कसं विसरंन? बरं, मी भांडत न्हाई. आपली बोट पट्ट्याची. मग सरकारची तरी बोट येईल का न्हाई दगडाला न्यायला?

पायगोंडा : येईल की.

अमृत : आप्पा...

पायगोंडा : पुढं बघ. विजेची तार लोंबतीया तिथं.

सुंदरी : कवा येईल?

पायगोंडा : येईल गं. पूर आला की त्या फिरतच असतात.

सुंदरी : मग तिला फोन करून सांगते. घोर तरी लागायचा न्हाई.

अमृत : आप्पा, सांगू द्यायचं?

पायगोंडा : सांगू दे.

सुंदरी : हॅलो, दगडा? ऐकू येतंय का गं? इंजिनाचा आवाज लय हाय, तुला स्पीकरवर टाकलंय.

दगडाबाई : येतंय, अक्का. निघालासा व्हय तुमी? बरं केलं. मांजरी घेतलीसा का?

सुंदरी : घेतली. पिठाच्या डब्यामागं बसलीया, आप्पांवर डोळं वटारून. तुझ्याकडं पाणी कुठवर आलंय?

दगडाबाई : उंबरा बुडाला मगाशी. मी इचार करत हुते, शेजारच्या नानासोच्या जिन्यानं त्याच्या गच्चीवर जावं. ती समदी गेली कुलूप लावून, खरं जिना बाहेरनं हाय. भितीला धरून धरून जाता येईल अजून.

सुंदरी : पाण्यातनं नको गं. पाय घसरला म्हणजे? बस घरातच. सरकारी बोट येणार हाय तुझ्याकडं.

दगडाबाई : कोण म्हणलं?

सुंदरी : आप्पा म्हणाले.

दगडाबाई : आप्पा म्हणलं व्हय? मग येईल. मग मी कशाला मरायला जिना चढू. कॉटवर खुर्ची ठिवते आणि दाराकडं तोंड करून बसते, म्हंजी त्यास्नी दिसंन. अक्का, ती सरकारची माणसं पट्टा बघत न्हाईत न्हवं?

सुंदरी : न्हाई बघत.

दगडाबाई : बरं हाय. आप्पांस्नी सांगा, माझा राग न्हाई. पाळ्या चुकल्या त्या चुकल्याच की. ठिवते आता. एकच दांडी राहिलीया चार्जिंगची. बंद करून ठिवते, बोट आली की लावीन तुमास्नी.

सुंदरी : नीट बस गं.

अमृत : उंबरा बुडाला म्हणली न्हवं ती?

सुंदरी : व्हय. का रं?

अमृत : सकाळी मी गेलतो तिकडनं. तवा खालच्या पायरीला हुतं.

सुंदरी : मग येतीलच आता. बघत असतील की ते पण. आवं, कुठनं येती ती बोट? आष्ट्याकडनं का सांगलीकडनं? मागल्या दारानं आली तर ही बसायची पुढं तोंड करून.

अमृत : आप्पा, कोपरा आला. मी आधी बोलणार न्हाई. तुमी मोठी माणसं. खरं कोपरा आला.

पायगोंडा : इंजिन बारीक कर.

अमृत : केलं.

सुंदरी : थांबलासा का? कुणी दिसलं का? थांबा, तिला आधी विचारते मागचं दार उघडं ठेवलंय का... बंद लागतोय. हां, बंदच करणार म्हणाली होती. आवं, तुमी असं काय बघताय माझ्याकडं?

पायगोंडा : जूनमध्ये आष्ट्यात पुराच्या तयारीची सरकारी बैठक झाली बघ. हा अमृत गाडी घेऊन होता माझ्यासंगं. साहेब एकेका गावाला विचारत होते, तुमच्याकडं बोट किती पाठवू, माणसं किती पाठवू.

सुंदरी : मग?

पायगोंडा : मी उभा राहिलो. म्हणालो, आमचं गाव आमी बघतो, आमच्या वाटची सरकारी बोट दुसऱ्या कुठल्या गावाला द्या. लय टाळ्या वाजल्या.

सुंदरी : म्हणजे?

पायगोंडा : तिच्याकडं कुणी येणार न्हाई, सुंदरी. मीच येऊ नका म्हणून सांगून आलोय.